डोळ्यांवरचा रंग उतरवितांना

सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला, तेव्हांपासून मराठी नटाच्या रंग चढविण्याचें कौतुक पुष्कळ झालें. पडदा पडल्यावर तो उतरवावा कसा, ह्याचा विचार मात्र रंगपटांतच राहिला.

स्त्रीभूमिका पुरुषच करीत त्या काळीं डोळ्यांत काजळ हवेंच. एरंडेलाच्या दिव्याची काजळी तुपांत खलून तें होई. साहजिकच पाण्यास तें दाद देत नसे. खोबरेल तेलाचा हात फिरविला कीं तूप तेलांत मिसळे आणि काजळी सुटे. पुढें बर्लिनच्या लुडविग लाइखनर ह्या गायकानें १८७३ सालीं स्निग्ध रंगांचा कारखाना काढला. पण रंग विलायती झाला तरी उतरविण्याचें तत्त्व तेंच राहिलें.

आज चिंचवडच्या रामकृष्ण मोरे नाट्यगृहांत उभ्या राहणाऱ्या नटीच्या पापण्यांवर पाण्यानें न निघणारा मस्कारा असतो. त्यास तेल व पाणी असे दोन थर असलेलें द्रावण, बाटली हलवून, वापरावें. साध्या काजळास सुगंधरहित मायसेलर पाणी पुरतें. कॉन्टॅक्ट लेन्स आधीं काढावी. भिजलेला कापूस मिटल्या पापणीवर अर्धें मिनिट ठेवून हलकेच खालीं ओढावा. घासणें हा शुद्ध अडाणीपणा! मिशीचा डिंक सोडविण्याचें स्पिरिट तर डोळ्याजवळ नेऊंच नये.

पिंपरी-चाकण पट्ट्यांतील हौशी कामगार-नटास हें विशेष पाळावें लागतें. प्रयोग मध्यरात्रीं संपतो, आणि काजळ तसेंच ठेवून निजल्यास सकाळच्या पाळीस यंत्रापुढें उभें राहतांना डोळे चुरचुरूं लागतात.