शेकरू गणना (भीमाशंकर)

शेकरू गणना ही भीमाशंकर वन्यजीव अभयारण्यात उन्हाळ्यात, पावसाळ्यापूर्वी, वनविभागातर्फे केली जाणारी पाहणी आहे. शेकरू (शास्त्रीय नाव: रॅटुफा इंडिका) ही झाडांवर राहणारी मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तिच्यासाठीच ओळखले जाणारे हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३१ चौ. किमी आहे. भोसरी व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून जाणाऱ्या पुणे–नाशिक महामार्गावरून राजगुरुनगरला पश्चिमेकडे वळल्यास येथे पोहोचता येते.

पद्धत

शेकरू दिवसा वावरत असले तरी दाट पालवीत सहज दिसत नाही आणि जमिनीवर क्वचितच उतरते. त्यामुळे दिसलेल्या प्राण्यांबरोबरच काटक्या व पानांची गोलाकार घरटीही मोजतात. वापरातील आणि सोडून दिलेली घरटी वेगळी नोंदवणे हे यातील सर्वांत जिकिरीचे काम होय. ताजी पाने ही वापराची खूण, तर विस्कटलेला, वाळका सांगाडा बहुधा जुना असतो. झाडाखालून मान वर करून हे ठरवावे लागते.

मर्यादा

एक शेकरू अनेक घरटी बांधते. म्हणून वापरातील घरट्यांच्या संख्येला दर प्राण्यामागील सरासरी घरट्यांनी भागून अंदाज काढता येतो. उदाहरणार्थ, ६०० घरट्यांसाठी ही सरासरी चार धरल्यास १५० शेकरू येतात, सहा धरल्यास १००च. साहजिकच क्षेत्र, पद्धत किंवा गृहीत सरासरी बदललेल्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून वाढ वा घट ठरवता येत नाही.