धुराड्यातील काजळी

थंड देशांत नव्या घरी बिऱ्हाड मांडणारा मनुष्य लाकडाची लोखंडी शेगडी पेटविण्यापूर्वी तिचे धुराडे तपासून घेतो. ओले लाकूड धुमसते. त्याचा धूर थंड धुराड्यात निवून डांबरासारखा थर साचतो आणि एखाद्या रात्री तोच पेट घेतो. म्हणून वाळलेली लाकडे जाळावीत, राख झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावी आणि वर्षातून एकदा तरी धुराडे ब्रशाने झाडून घ्यावे, असा तेथील परिपाठ आहे.

या ब्रशाचा इतिहास मात्र आम्हांला अस्वस्थ करतो. इंग्लंडमध्ये अरुंद धुराड्यांत गरिबांची मुले चढवीत असत. त्या कामाच्या काजळीमुळे पुढील वयात होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ साली नोंदविला. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुले ठेवण्यास मनाई केली. ती कागदावरच राहिली. १८०३ साली जॉर्ज स्मार्ट याने जोडदांड्यांचा ब्रश तयार केला. १८४० साली एकवीस वर्षांखालील कोणीही धुराड्यात चढू नये, असे ठरले. तरीही धनी ऐकेनात. अखेर १८७५ साली फुलबोर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यात अडकून मरण पावला, तेव्हा लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या खटपटीने परवान्याची सक्ती झाली आणि ती प्रथा संपली.

ब्रश हाताशी असूनही बहात्तर वर्षे मुले चढत राहिली. शेगडीची ऊब घेणाऱ्या घरांनी ती काजळी कोण काढतो, हे विचारलेच नाही. आपल्या घरची घाण कोण उपसतो, हे आपण तरी विचारतो काय?