आहार आणि आप्तवाक्य
न्यायशास्त्राने आप्तवाक्याला प्रमाण मानले. मात्र वस्तू स्वतः जाणून ती जशी आहे तशी सांगतो, तोच आप्त होय. आहाराविषयी उपदेश करणारे आज उदंड आहेत. त्यांतील आप्त कोणता, हे ओळखण्यास आपल्या हैदराबादचाच इतिहास उपयोगी पडेल.

१९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरीचे संशोधन आरंभिले. ते कार्य १९५८ मध्ये हैदराबादेस आले आणि १९६९ पासून 'राष्ट्रीय पोषण संस्था' या नावाने चालू आहे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने प्रथिनांच्या जागतिक संकटाचा इशारा दिला होता. परंतु येथील सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब मुलांचा प्रत्यक्ष आहार मोजून दाखविले की, मुख्य उणीव उष्मांकांची, म्हणजे पोटभर अन्नाचीच आहे. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हेही आकडेवारीच्या मार्गाने याच निष्कर्षाप्रत आले. महागड्या प्रथिनचूर्णापेक्षा भाकरी-डाळीचे भरलेले ताट अधिक हितकर, असा त्याचा अर्थ होता.

पुढे २०१७ मध्ये संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली. २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रथिनचूर्णे टाळण्याचा सल्ला दिला.

तेव्हा सल्ला ऐकताना तीन प्रश्न विचारावेत: मोजले कोणी, कोणाच्या ताटातले, आणि लाभ कोणाचा? ज्याची उत्तरे उघड आहेत, तोच आप्त.