सुगरण, शिडी आणि कॅमेरा

हल्ली आपल्यातले बरेच जण सकाळचा चहा घेता घेता मोबाइलवर परदेशातल्या गरुडाचं घरटं बघतात. आम्हीही बघतो, लपवण्यासारखं काही नाही. २०११ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेकोरा गावच्या गरुडांचं घरटं असंच थेट प्रक्षेपणाने जगभर पोहोचलं. पण घरट्यात डोकावण्याचा छंद कॅमेऱ्याहून फार जुना आहे.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. ह्यूम म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर डेव्हिड ह्यूम. पक्षीवाल्यांचा ह्यूम वेगळा. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, तोच, काँग्रेसच्या स्थापनेतला. भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर त्याने १८७३ पासून ग्रंथ काढला. त्या काळी घरटं अभ्यासणं म्हणजे अंडी उचलून आणणं, मोजणं, पेटीत ठेवणं. पेटीतल्या अंड्यातून पिल्लू कसं वाढतं ते कळणार कसं?

आता येऊ अलिबागजवळच्या किहीमला. साल १९३०. सालीम अली बर्लिनहून प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. बेकार माणूस किहीमला जाऊन राहिला. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्यांनी शिडीवर लपण बांधलं आणि पावसाळाभर तासन् तास आत बसून घरट्यांच्या नोंदी केल्या.

काय दिसलं? विणतो तो नर! गवताची पाती आणि माडाच्या झावळ्यांच्या चिरफळ्या आणून तो घरटं अर्ध्यापर्यंत नेतो. मग माद्यांची टोळी येते. नर पंख फडफडवत गातो, माद्या आत शिरून विणकाम तपासतात. एखादीला पसंत पडलं तर जोडी जमते आणि नर खालची नळी पुरी करतो. अंडी उबवण्याचं काम मादीचं, पिल्लांच्या चाऱ्याचा भारही मुख्यतः तिच्यावर. आणि हे महाशय? शेजारीच दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात हे छापून आलं.

गंमत बघा, आपण त्या पक्ष्याला शतकानुशतकं 'सुगरण' म्हणत आलो. घर नीटनेटकं, म्हणजे बाईच्या हातचं, असं भाषेनेच ठरवून टाकलं. बहिणाबाईंनीही खोप्याचं श्रेय सुगरणीलाच दिलं. त्यांच्या कवितेला यामुळे उणेपणा येत नाही, पण भाषेचं गृहीतक कसं खोलवर रुजतं ते दिसतं. दुसरा ह्यूम, आमचा डेव्हिड, सांगून गेला की 'आहे' यावरून 'असावं' काढता येत नाही. आपण उलटं केलं, 'असावं' वरून 'आहे' काढलं.

कॅमेऱ्यापुढे ही खोड सुटली, असं समजू नका. २०१४ साली मिनेसोटा राज्याच्या वन्यजीव विभागाच्या कॅमेऱ्यात गरुडाचं एक पिल्लू जखमी दिसलं. निसर्गात हात घालायचा नाही, ही विभागाची भूमिका. पण बघणाऱ्यांनी इतका आग्रह धरला की शेवटी पिल्लू खाली आणावं लागलं. पंखाचं हाड मोडलेलं, जखम चिघळलेली. त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं. बघणाऱ्यांची करुणा खोटी नव्हती. आम्हालाही तसंच वाटलं असतं. फक्त, ते घरटं आपल्या घराची खिडकी नव्हतं, हे विसरायला झालं होतं. शिडीवरच्या माणसाला निदान पाय आखडले की कळत असे, आपण पाहुणे आहोत.

मघाशी पहिल्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, झाडाला अर्धवट, टोपीसारखी घरटी लटकलेली दिसतात, ती कोणी मोडली का? नाही, ताई. मोडलेली नसतात सगळी. पुष्कळशी मादीला पसंत न पडलेली असतात, आणि नर तिथेच सोडून देतो.