धातुझिलई व बफिंग (बेळगाव–निपाणी परिसर)

धातूच्या पृष्ठभागावरील ओरखडे, खपल्या व गंज टप्प्याटप्प्याने काढून त्याला गुळगुळीतपणा व चकाकी आणण्याच्या क्रियेस झिलई किंवा पॉलिश म्हणतात. तिचा अखेरचा टप्पा म्हणजे बफिंग होय. त्यात कापडाच्या थरांचे किंवा नमद्याचे चाक वेगाने फिरवून त्यावर मेणचट माध्यमात कालवलेली बारीक अपघर्षक, म्हणजे घासून झिजवणारी, भुकटी लावतात. महाराष्ट्र–कर्नाटक सीमेवरील या भागात पूर्वी हत्यारांना धार व झिलई देण्याचे काम शिकलगार करीत. आज या कामाची मागणी मुख्यतः दोन व्यवसायांतून येते: एक बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या भागांतील ओतकाम, यंत्रभाग व हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांचा, आणि दुसरा निपाणीजवळ, राज्यसीमेपलीकडे हातकणंगले तालुक्यात असलेल्या हुपरीचा चांदीच्या दागिन्यांचा.

दोन्हीकडे पूर्वतयारी निर्णायक ठरते. 120, 180, 240, 320 अशा चढत्या क्रमांकांचे, म्हणजे अधिकाधिक बारीक कणांचे, एमरी कागद वापरताना प्रत्येक वेळी घासण्याची दिशा आधीच्या दिशेशी काटकोनात ठेवतात, त्यामुळे मागचा ओरखडा पुरता गेला की नाही हे लगेच दिसते; राहिलेला खोल ओरखडा बफिंगने जात नाही, उलट चकाकीमुळे अधिकच उठून दिसतो. 300 मिमी व्यासाचे चाक मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 31 मीटर असतो. पोलादासाठी क्रोमियम ऑक्साइडची हिरवी, तर चांदी-सोन्यासाठी लोह ऑक्साइडची तांबडी भुकटी रूढ आहे.

चांदीकामात चकाकी हेच साध्य असते. सांधे जोडण्यासाठी डाख दिल्यावर आलेला काळपटपणा सौम्य आम्लात काढून दागिना रिठ्याच्या पाण्यात पितळी तारेच्या ब्रशने घासण्याची पद्धत जुनी आहे. साखळीचे पैंजण चाकात अडकून कारागिराचा हात ओढला जाण्याचा धोका असल्याने अशा दागिन्यांना छोट्या पोलादी गोळ्यांसह ढोलात फिरवणे अधिक सुरक्षित ठरते. बफिंगच्या धुळीत चांदी असते. ती गाळून परत मिळवली जाते.

हायड्रॉलिक्समध्ये मात्र चकाकी म्हणजे गुणवत्ता, हे समीकरण फसवे आहे. व्हॉल्व्हमधील स्पूल, म्हणजे तेलाचा मार्ग उघडझाप करणारा दांडा, आपल्या भोकात काही मायक्रॉनच्या फटीने बसतो आणि त्याच्या कडा धारदार असाव्या लागतात. मऊ चाकाने त्या गोलावल्या, तर आरशासारखा चमकणारा स्पूलही निकामी ठरतो, म्हणून तेथे लॅपिंग किंवा होनिंग, म्हणजे कडा न गोलावणारे अचूक घासकाम, करतात. सिलिंडरचा दांडा कठीण क्रोमचा मुलामा देण्यापूर्वी व दिल्यानंतरही पॉलिश करावा लागतो, कारण मुलामा खालचे ओरखडे झाकत नाही. दांड्याचा सरासरी खडबडीतपणा साधारण 0.1 ते 0.4 मायक्रॉन ठेवतात: पृष्ठभाग खरखरीत राहिल्यास सील झिजते, आणि अतिगुळगुळीत झाल्यास त्यावर तेलाचा थर टिकत नाही.

या कामातील धूळ घातक असते. सिलिकायुक्त धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचा समावेश 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 च्या अधिसूचित रोगांच्या यादीत होता. ॲल्युमिनियमची धूळ स्फोटक असल्याने, आणि लोखंडी काम ठिणग्या उडवीत असल्याने, हे दोन्ही धातू एकाच धूळशोषकावर घासू नयेत.