धुरांडी आणि वस्ती

मुंबईच्या बोलीत इमारत ‘रीडेव्हलपमेंटला जाते’. तिच्यातली माणसे कोठे जातात, याविषयी हे क्रियापद मौन पाळते. गिरणगावाच्या पुनर्विकासाचा इतिहास मांडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, असे आम्हांस वाटते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड हा सारा टापू गिरण्यांभोवती वसला. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे पुरुष गावकीच्या खोल्यांत राहत. रात्रपाळी करून आलेला ज्या जागेवर अंग टाकी, ती दिवसपाळीवाल्याने नुकतीच सोडलेली असे. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची संघटना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी उभी केली, ती अन्नपूर्णा महिला मंडळ. भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी, शाहिरी कलापथके हे सारे याच दाटीतून आले. नारायण सुर्वे यांना पोटच्या पोराप्रमाणे वाढवणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होते, ही गोष्ट मराठी कवितेचा इतिहास शिकवताना केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सांगून चालत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाची कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस अधिक बोलकी वाटते ती त्यानंतरच्या नियमांची कथा. १९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकासासाठी खुली केल्यास तिचा साधारण एक तृतीयांश वाटा महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाकडे घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे जायचा होता. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये सुचवले की, सुट्या गिरण्यांचा विचार न करता या टापूचा एकत्र आराखडा करावा. तसे झाले नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. म्हणजे शेड पाडली, तरी तिच्याखालची जमीन वाटणीत येणार नाही. पाडलेली इमारत हिशेबात उभीच! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

दरम्यान १९९५ मध्ये मुंबईने वारसा वास्तूंसाठी नियमावली केली होती. हे पाऊल देशात पहिलेच आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु वारशाच्या यादीला दगड दिसतो, कमान दिसते. राहणारा दिसत नाही. लोअर परळला १९०५ सालच्या फिनिक्स मिलचे धुरांडे आजही मॉलच्या मधोमध उभे आहे. इतरत्रही जेथे साचे खडखडत, तेथे उपाहारगृहे आणि कार्यालये आली. करवतीच्या दात्यांसारखी छपरे उत्तरेचा सौम्य उजेड आत घेण्यासाठी होती. ती जेथे टिकली, तेथे शोभेची झाली. टापू ‘जिवंत झाला’ असे म्हणतात. कामगारांसाठी घरांची पहिली सोडत मात्र निघाली २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी; आणि पुढच्या काही घरांचा पत्ता होता पनवेलजवळचे कोन.

याच्या उलट उदाहरण बी.डी.डी. चाळींचे. १९२० च्या दशकात बांधलेल्या या तीन मजली चाळी वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडला शंभर वर्षे उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, सामायिक शौचालय, लांब व्हरांडा. येथे वास्तू जपली जात नाही, ती सरळ पाडली जाते. पण रहिवाशाला त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या.

जतनवाद्यांना रुचणार नाही, तरी आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. वास्तू गेल्याची हळहळ खरी, पण एकाच खोलीत तीन पिढ्या काढलेल्या बाईने व्हरांड्याच्या सौंदर्यापायी तेथेच राहावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. अर्थात चाळीस मजली इमारतीत शेजार कसा घडेल, हे अजून कोणी पाहिलेले नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) मधले संपानंतरचे कुटुंब एका खोलीत कोंडलेले आहे आणि त्यांचे भांडण चाळीच्या कानांवर जातेच. लिफ्टच्या बंद दारांमागे ते कोणाला ऐकू येईल?