मधाच्या दगडातला कर्ब

कर्ब आणि प्राणवायू यांच्या संयोगाने काय होते, असे विचारले तर शाळकरी मूलही दोन वायूंची नावे सांगेल. एक कोंदट खोलीतल्या शेगडीचा विषारी वायू, दुसरा आपल्या उच्छ्वासातला. आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत तेही केवळ कर्ब आणि प्राणवायूचेच. पण ते पांढरे, घनरूप आहे, आणि त्याची खरी ओळख पटायला ८३ वर्षे लागली.

जर्मनीत थुरिंजिया प्रांती आर्टर्न येथे तपकिरी कोळशात मधाच्या रंगाचे खडे सापडत. त्यांना नावही ‘मधाचा दगड’ असेच पडले. १७९९ साली क्लाप्रोथने त्यांतून एक नवे आम्ल काढले. १८३० साली लीबिग आणि वोलर यांनी तोच दगड पुन्हा अभ्यासाला घेतला. आम्लातले पाणी काढून टाकल्यावर उरणारे आपले द्रव्य त्यांच्या हाती तेव्हाच आले असावे. त्यांनी सूत्र दिले : कर्बाचे चार अणू, प्राणवायूचे तीन.

खऱ्या रेणूत आहेत बारा आणि नऊ. मग हे दोघे चुकले काय? आम्हांला तसे म्हणवत नाही. कर्बाचा अणुभार १२, प्राणवायूचा १६. चार कर्ब म्हणजे ४८, तीन प्राणवायू म्हणजेही ४८. बारा आणि नऊ घेतले तर १४४ आणि १४४. दोन्ही हिशेबांत वजन निम्मेनिम्मेच! घरात बायका-पुरुष निम्मेनिम्मे आहेत एवढ्यावरून घरात माणसे किती हे कसे कळावे? आणि कोण कोणाशेजारी बसले आहे हे तर त्याहून दूरच.

ते कळायला आधी कड्याची कल्पना सुचावी लागली. केकुलेने १८६५ साली बेंझीनमधील सहा कर्बांचे कडे मांडले. पुढे १८७० साली बायरने दाखवले, की क्लाप्रोथचे आम्ल म्हणजे हेच कडे, सहाही कोपऱ्यांवर एकेक आम्लगट असलेले. आता शेजारशेजारचे दोन गट मिळून पाण्याचा एक रेणू सोडतात आणि त्यांच्यामध्ये प्राणवायूचा एक अणू पुलासारखा उरतो. असे तीन पूल. मोजून पाहा : कड्याचे सहा आणि गटांचे सहा, हे बारा कर्ब; गटांवरचे सहा आणि पुलांचे तीन, हे नऊ प्राणवायू. हायड्रोजन औषधालाही नाही.

मायर आणि श्टायनर यांनी १९१३ साली हे द्रव्य रीतसर तयार करून ओळखले. त्यावर पाण्याची क्रिया होऊ दिली, की तिन्ही पूल तुटतात आणि क्लाप्रोथचे आम्ल पुन्हा हाती येते.